चाकांत वीसची हवा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, हे वेगळं सांगायला नको. माझं मागचं दार लावलं की जो आवाज होतो, तो ऐकूनच माणसं म्हणतात, "बरीच जुनी दिसतेय." रंग करडा. पाच माणसांची जागा, मागे मोठी डिकी आणि डोक्यावर सामान बांधायचा लोखंडी कॅरियर. एकदा माझ्यावर आळ आला होता, की मी पेट्रोल ढोसते. आता मला त्याचं सुखही नाही आणि दुःखही नाही, पण सगळं पहिल्यापासून सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खूप आवाज होता. एका माणसाने माझ्या दाराला कान लावून ते तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं आणि मान डोलावली. नंतर मी एका काचेच्या मोठ्या दुकानात उभी राहिले. तिथे लोक येत, माझ्या चाकांना उगाच लाथ मारून बघत आणि किंमत ऐकली की निघून जात.

मला पसंत केलं ते एका बाईने. ती शाळेत भूमिती शिकवायची. तिची गाडी निवडायची रीत जगावेगळी होती. ती प्रत्येक सीटवर बसायची, डोळे मिटायची आणि मनात वीस आकडे मोजायची. विक्रेता बिचारा इंजिनाची थोरवी गात होता, आणि ही डोळे मिटून गप्प. शेवटी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तिने वीस मोजले, डोळे उघडले आणि नवऱ्याला म्हणाली, "हीच. इथे बसून झोप लागेल मला."

"गाडी झोपायला घेतात का गं?" नवरा म्हणाला.

"तू चालव. मी झोपते."

नवऱ्याचा धंदा दातांचा. म्हणजे तो दंतवैद्य नव्हता. दंतवैद्य तोंडाची मापं घेऊन पाठवत आणि हा घरच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवी. सगळे त्याला कवळीमास्तर म्हणत. गावभर आणि गावाबाहेर मिळून त्याचे ठरलेले अकरा दवाखाने होते. रोज सकाळी तो कवळ्यांचे डबे माझ्या मागच्या सीटवर ठेवी आणि आम्ही निघत असू. मित्रांनो, माझ्या पाठीवरून किती माणसांचं हसू जाऊन पोहोचलं, याची मोजदाद नाही. सुट्टीच्या दिवशी मास्तर, बाई, त्यांची लेक आणि मास्तरांची थोरली बहीण आक्का अशी चौघं कुठेतरी लांब जात. कॅरियरवर सामान, डिकीत सामान, आणि बाई शेजारच्या सीटवर खरोखरच झोपलेली. लिटरला चौदा किलोमीटर मी सहज देत असे. मास्तर चारचौघांत सांगे, "गाडी असावी तर अशी." मला ते ऐकायला आवडायचं.

अशी बारा वर्षं गेली. मग बाईला हाडांचं दुखणं झालं.

आठवड्यातून तीनदा मोठ्या दवाखान्यात जायचं. लेक तेव्हा परगावी औषधांच्या कंपनीत नोकरीला होती, म्हणून मास्तरच न्यायचा. शेजारच्या सीटची पाठ त्याने मागे रेलवली, एक, दोन, तीन, चार खाचा. दवाखान्याच्या अलीकडे एक गटाराचं झाकण रस्त्यावर वर आलेलं होतं. त्यावरून मी कितीही सावकाश गेले तरी गचका बसायचा आणि बाईच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. मास्तरचा हात लगेच तिच्या खांद्याकडे जाई. "लागलं का गं?" तो विचारी. ती म्हणे, "नाही." ते खोटं असे.

तेव्हा मास्तरने एक काम केलं, आणि ते कुणालाच सांगितलं नाही. एका रविवारी सकाळी तो हवा मोजायचा गेज घेऊन खाली आला. माझ्या चाकांत बत्तीसची हवा असायला हवी. त्याने चारही चाकांची हवा सोडून ती वीसवर आणली. चाकं मऊ झाली. त्या दिवसापासून मी जड पावलांनी चालू लागले, पण झाकणावरून जाताना गचका निम्मा झाला. मास्तर तिसऱ्या गिअरच्या वर जातच नसे. दोन दिवसांनी बाई म्हणाली, "रस्ता नीट केला वाटतं."

"हो, केला," मास्तर म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी तो खाली येऊन हवा मोजी. वीसच्या वर असली तर फुस्स करून सोडी. आठ महिने असं चाललं. एका मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो ते तिघं, आणि परत आलो ते दोघंच, मी आणि मास्तर. येताना त्याने गाडी झाकणावरून तशीच सावकाश नेली.

मला काय वाटलं, असं विचाराल. काही वाटलं नाही. पत्रा थंड होता. मास्तरलाही काही वाटत नसावं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने डबे मागच्या सीटवर ठेवले आणि तो सातच्या ठोक्याला कामाला निघाला. शेजारची सीट चौथ्या खाचेवर रेललेली होती, ती तशीच राहिली. तिथे कुणी बसायचं नाही, असं तो कधी बोलला नाही. पण कुणी बसलं नाही. लेक नोकरी बदलून घरी राहायला आली, तीही मागेच बसे. शेजारीपाजारी हसून म्हणत, "काय थाट आहे! वडील ड्रायव्हर आणि लेक साहेबीण." ती मागचं दार ओढून घ्यायची.

आणि रविवार आला की मास्तर गेज घेऊन खाली यायचा. लेक खिडकीतून बघायची. तिला वाटे, बाबा बाकी कशात लक्ष घालत नाहीत, पण गाडीची हवा मात्र नेमाने बघतात. चला, एवढं तरी करतात.

वर्षभर असं गेलं, आणि मग पेट्रोलचे भाव चढायला लागले. दर आठवड्याला पंपावरचा आकडा बदले. मास्तरने लांबचे तीन दवाखाने सोडले. दात नेऊन देण्यातच दाताची मजुरी जायला लागली होती. उरलेल्या आठांतलेही दोन हातचे जायची वेळ आली. लेकीने टाकी काठोकाठ भरून, ठरलेल्या रस्त्याने जाऊन-येऊन पुन्हा भरून बघितलं. लिटरला मोजून साडेदहा किलोमीटर.

"साडेदहा!" आक्का म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड झालाय हो हा. घरात दोन माणसं कमावती, आणि ही बया दोघांचं पिऊन बसते."

मी बया. असो.

लेकीने तीन गाड्या काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर त्यांचे कागद मांडले. एक बॅटरीवर चालणारी होती. पेट्रोल शून्य, पण आमच्या इमारतीखाली चार्जिंगची सोय नाही, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडावी, असं आक्काने सुचवलं तेव्हा लेकीने डोक्याला हात लावला. दुसरी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. ती गुणी, पण तिची किंमत बघून मास्तरने कागद उलटा ठेवला. तिसरी छोटी पेट्रोलची. कंपनी म्हणत होती बावीस किलोमीटर.

"कंपनी म्हणते ते मुलीच्या बापाने सांगितलेलं वय," आक्का म्हणाली. "बावीस म्हणजे अठरा धर."

"अठरा धरले तरी सगळे दवाखाने परत घेता येतील, बाबा," लेक म्हणाली. "पण जुनी देऊन टाकली तरच नवी परवडते. दोन गाड्या नाही ठेवता येणार."

मास्तर भात कालवत राहिला. मी खाली उभी होते, पण हे सगळं मला नंतर कळलं, कारण पुढचा महिनाभर ते माझ्यात बसूनही हेच बोलत. लेक म्हणे, "बाबा, ठरवा." मास्तर म्हणे, "बघू." दवाखाने जात होते आणि मास्तर बघत होता. मी गेले की ती चौथ्या खाचेवरची सीट जाणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

शेवटी लेकच त्याला आणि मला सबुरी मिस्त्रीकडे घेऊन गेली, माझी किंमत करायला. हा मिस्त्री मला वर्षानुवर्षं ओळखतो. कुणी घाई केली की म्हणतो, "सबुरीनं घ्या," म्हणून हे नाव पडलं. त्याने चाकांकडे बघितलं आणि तो कपाळाला आठ्या घालून खाली बसला.

"ताई, या गाडीने मला वेडं करायचं तेवढं बाकी ठेवलंय. टायरच्या दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला पट्टा बघा, कोरा करकरीत. म्हणजे हवा कमी. मी दर वेळी बत्तीस भरून देतो, पुढच्या वेळी बघावं तर वीस. वर्षात चार वेळा व्हॉल्व्ह बदलले. गुरुवारीच भरली होती. बघा." त्याने गेज लावला. वीस. मधला रविवार होऊन गेला होता.

त्याने एकेक चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवलं. बुडबुडा एक नाही. लेक वाकून बघत होती. मिस्त्री दुसऱ्यांदा पहिलं चाक बुडवायला निघाला, तेव्हा मास्तर म्हणाला, "राहू द्या. गळत नाही ती. मी काढतो."

"काय काढता?"

"हवा."

"अहो, पण का?"

मास्तरने माझ्या दाराचं हँडल पुसल्यासारखं केलं. "तिला गचके बसायचे," तो म्हणाला.

मग लेक हळूच म्हणाली, "आई मला फोनवर सांगायची, दवाखान्याचा रस्ता गुळगुळीत केलाय म्हणून."

"तोच."

"बाबा, आई जाऊन दीड वर्ष झालं."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाला. "रविवारी हात आपोआप जातो."

मिस्त्रीने मान खाली घालून चारही चाकं बसवली, बत्तीसची हवा भरली आणि न विचारता डोक्यावरचा कॅरियरही उतरवला. "आता चौथ्या गिअरला घाबरू नका," एवढंच म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

परत येताना मला फार हलकं वाटत होतं. चाकं टणक झाली होती आणि रस्त्यातला खडा न् खडा कळत होता. मास्तर चालवत होता, लेक मागे. घराचा रस्ता दवाखान्यावरूनच जातो. ते झाकण अजून तसंच वर आलेलं होतं. मी त्यावरून गेले आणि दणकन गचका बसला.

मास्तरचा हात शेजारच्या सीटकडे गेला. "लागलं का गं?" तो मोठ्याने म्हणाला.

सीटवर कुणी नव्हतं. त्याचा हात रेललेल्या पाठीवर तसाच राहिला. त्याने मला कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. मग तो रडला, मित्रांनो. दीड वर्षात पहिल्यांदा. लेक मागून पुढे वाकली आणि तिने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

पुढच्या आठवड्यात लेकीने पुन्हा टाकी भरून मोजलं. लिटरला पावणेचौदा. आक्का म्हणाली, "घ्या! म्हणजे बिचारीवर उगाच आळ. आता राहू दे हीच." लेकही कागद आवरू लागली. मलाही वाटलं, वाचले.

पण मास्तरच म्हणाला, "नको. ती छोटी घेऊ."

"अहो बाबा, आता तर ही नीट चालतेय!"

"चालतेय ना. म्हणूनच. हवा पुरी ठेवली तर दर गचक्याला माझा हात जाणार, आणि हवा काढली तर धंदा जाणार. मला दोन्ही नको." दीड वर्षात तो एका दमात एवढं बोलला नव्हता.

लेक नंतर माझ्यात बसून मैत्रिणीला फोनवर सांगत होती, की दुकानात बाबांनी मायलेज विचारलंच नाही. छोट्या गाडीत शेजारच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि बराच वेळ गप्प राहिले. विक्रेता घाबरला. मग उठून म्हणाले, "बसण्यासारखी आहे. तू बस इथे." आणि लेक पुढे बसली.

मला मिस्त्रीच्या बहिणीने घेतलं. घरात माणसं सात, माझ्यात जागा पाच, पण ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

न्यायच्या दिवशी मास्तर एकटा खाली आला. रविवार होता. त्याने सवयीने गेज आणला होता. चारही चाकं मोजली. बत्तीस. हवा सोडली नाही. मग शेजारचं दार उघडून तो वाकला आणि सीटची कळ ओढली. पाठ वर आली. कट्, कट्, कट्, कट्. त्याने सीटवरून एकदा हात फिरवला आणि दार लावलं.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरी एखादी म्हातारी गाडी असेल तर तिच्या चाकांतली हवा वेळच्या वेळी बघत जा आणि डोक्यावरचं नको ते ओझं उतरवा. आणि तुमच्या घरातलं कुणी माणूस दर रविवारी गुपचूप काहीतरी करत असेल, तर त्याला खिडकीतून बघू नका. खाली जा आणि विचारा, काय करताय म्हणून. आमच्याकडे ते दीड वर्ष कुणी विचारलं नाही. मला विचारता येत नव्हतं.

आता त्या सीटवर मिस्त्रीची बहीण बसते. तीही बसल्या बसल्या झोपते.