लामाची नळी

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात सर्कस उतरली, तेव्हा तिच्यात एक लामा होती. उंटाची मान, मेंढीची लोकर आणि तोरा मात्र नव्या सुनेला बघायला आलेल्या सासूचा. तिचा राखणदार किस्पे दूर अँडीजच्या डोंगरातला म्हातारा. सर्कशीबरोबर हिंडून मोडकंतोडकं मराठी शिकला होता. लामा म्हातारी झाली, तिला उठवेना, तेव्हा त्यानं सोलापूरच्या मुक्कामापुरता सर्कशीच्या भटारखान्यात लागलेल्या हाशमला गाठलं. किस्पेच्या मुलखात असं जनावर वाया घालवत नाहीत. कालवण करून सगळ्यांनी खायचं आणि हाडं एकही न मोडता पुरायची, म्हणजे ते पुन्हा डोंगरात जन्माला येतं.

उंट चालतो तर ही का नको, असा विचार करून हाशमनं बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी चालवली. सांध्यासांध्यावर कापत मोठं पातेलं चढवलं. बटाटे, मक्याचे दाणे, भाजून वाटलेली लाल मिरची, मीठ. किस्पेच्या गावचं धान्य इथं कुठलं मिळायला, म्हणून मूठभर ज्वारी. काळा मसाला मात्र किस्पे घालू देईना. हाशमचा जीव तुटत होता, पण कालवण झालं झकास.

हाडं सुटी होऊ लागली तसा हाशमचा हात शिवशिवायला लागला. नळी न फोडता टाकणं सोलापूरच्या माणसाला जमतं होय? शिवाय घरी त्याची बायको बिबीजान पडून होती. विहिरीवर घसरल्यापासून तिचे पाय हलत नव्हते आणि हकीम म्हणाला होता, नळीतला मगज द्या. हाशमनं मागच्या पायाची नळी सदऱ्याखाली लपवली, घरी नेऊन फोडली आणि मगज रश्शात कालवून तिला पाजला.

सकाळी बिबीजान चालत होती. हाशम ढसाढसा रडला.

तिकडं सर्कशीच्या मैदानात किस्पेनं खड्ड्यात हाडं मांडली आणि एकेक मोजलं.

"हाशमभाई, एक पाय न्हाय," तो म्हणाला. "ती पाय शोधत येईल."

हाशमनं सरळ कानावर हात ठेवले. किस्पेनं खड्डा बुजवून वर पांढरा दगड ठेवला आणि सर्कस अकलूजला गेली.

मग हाशमच्या ध्यानात येऊ लागलं. बिबीजान चालायची, पण अंगणातल्या कडुनिंबाभोवतीच. गोल, एकाच बाजूनं, एक पाय ओढत, सर्कशीच्या रिंगणात चालावं तशी. बोलत नव्हती. घशातून नुसतं हूं हूं करायची. हाक मारली की मान लांब करून वळायची, पण नजरेत ओळख नसायची. एकदा ती शेळीच्या पुढ्यातला कडबा चघळताना दिसली. चालणारी बायको मिळाली होती, पण त्याची बिबीजान गेली होती.

त्यानं चुलीमागच्या राखेतून नळीचे तुकडे वेचले, रुमालात बांधले आणि मैदानाकडं निघाला. कडुनिंबाची फेरी सोडून हूं हूं त्याच्या मागं येत होतं. त्यानं वळून पाहिलं नाही.

पांढऱ्या दगडापाशी तो रुमाल मांडीवर घेऊन बसून राहिला. हाड परत दिलं की ती पुन्हा अंथरुणाला खिळणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ते पाय बघून तो रडला होता. आता ते पाय त्यानंच परत करायचे होते. शेवटी त्यानं माती उकरली आणि तुकडे आत ठेवले.

हूं हूं थांबलं. मागं काहीतरी धपकन कोसळलं.

"अजी," बिबीजानचाच आवाज होता, "मला हितं कशाला आणलंत? माझं पाय हलंनात की."

हाशमनं तिला पाठीवर घेतलं. उठताना त्याला दिसलं, उकरलेल्या मातीतून लामाच्या दोनबोटी पावलांच्या खुणा मावळतीकडं गेल्या होत्या. चारही पाय सारखेच उमटले होते. त्यानं ते तिला दाखवलं नाही. डोक्यावर पदर नाही, लोक बघतायत, तुमाला काय अक्कल हाय का, असं ती रस्ताभर बोलत होती. हाशमनं तिला एकदाही गप बस म्हटलं नाही.