व्हय म्हणणाऱ्याचं देणं

आधीच सांगते, तो नियम माझा नव्हे. विनीतचा. विनीत म्हणजे माझा धाकटा भाऊ. आठवडाभर बँकेत मान मोडून बसतो आणि रविवारी दुपारी आमच्या लालबागच्या खोलीत खेळ मांडतो. पटावर नकाशा, वीस बाजूंचा फासा, आणि प्रत्येकाचं एक सोंग. विनीत गोष्ट सांगणार, आपण आपल्या सोंगाने काय केलं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. मी चेटकीण. "तुला वेगळं सोंग कशाला हवंय, अनू?" असं म्हणून त्यानेच ती माझ्या गळ्यात मारली. मेला.

खेळणारे चौघं. आम्ही दोघं, माझ्या ऑफिसातली श्रेया, आणि समोरच्या खोलीतला स्वप्नील. स्वप्नील भजनी बुवा. कोकणात त्याच्या डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला, टेम्पो भरभरून माणसं येतात. लहानपणापासून त्याच्या आलापांनी माझी दुपारची झोप मोडलीय. आणि आतल्या खोलीत, पडद्यामागे, आमचे बाबा. गिरणी बंद झाली, गुडघे गेले, पण गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान अजून त्यांचाच, गुणाजीचाच. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागायचं, बदल्यात काय देऊ ते बोलायचं, आणि जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

छापील पुस्तकात जादू म्हणजे दिवसाला तीन मंत्र, झोपून उठलं की परत तीन. विनीत वैतागला. "ही काय जादू आहे? हा तर मोबाइलचा डेटा झाला." मग त्याने कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने घरचा नियम लिहिला आणि भिंतीला चिकटवला. जादू करायची तर गाऱ्हाणं घालायचं. मागणं आणि देणं एका दमात बोलायचं. जितके जण 'व्हय म्हाराजा' म्हणतील तितकी जादू मोठी. पण म्हणणाऱ्यांपैकीच कोणातरी एकाला ते देणं द्यावं लागणार. वीस आकडे त्यांच्यात म्हणण्याच्या क्रमाने वाटायचे आणि फासा टाकायचा. एकच जण म्हणाला असला तरी टाकायचा. पडला की माघार नाही.

बाबांनी पडद्याआडून ऐकलं आणि ओरडले, "गाऱ्हाण्याची चेष्टा करू नकात रे! आयकणारो असता!"

"बाबा, खेळ आहे हो नुसता," मी म्हटलं. "तुम्ही झोपा बघू."

"तू गप ऱ्हवलंस तर झोप लागात ना," बाबा म्हणाले. मग माझ्याबद्दल, श्रेयाला ऐकू जाईल असं मोठ्याने, "पण ह्या चेडवाचा तोंड बंद झाला, तर माका घर खावक येतला." श्रेया हसली. मीही हसले.

पहिल्यांदा श्रेयावर आलं. तिच्या सोंगाने दलदलीतून वाट काढायला नाकाची वास घ्यायची शक्ती देऊ केली. फासा तिच्यावरच पडला. चार दिवसांनी ऑफिसात म्हणाली, "अनुजा, काल गॅस चालू राहिला. शेजारीण धावत आली. मला वासच आला नाही गं." सर्दी असेल, मी म्हटलं. तिला सर्दी नव्हती.

तरी मी खेळले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! पुढच्या रविवारी मेलेल्यांची फौज वेशीपर्यंत आली, आणि मी, या महाशहाणीने, गाऱ्हाणं घातलं. वेशीवरच्या राखणदारा म्हाराजा, ही वेस बंद कर, बदल्यात आमच्यातल्या एकाचो आवाज घे. आम्ही चौघंही एकामागून एक खच्चून म्हणालो, "व्हय म्हाराजा!" प्रत्येकी पाच आकडे. पडले अठरा. शेवटचे पाच स्वप्नीलचे.

सोमवारी सकाळी समोरून आलाप आला नाही. मी दात घासता घासता गॅलरीत उभी राहिले, अर्धा तास. मग स्वप्नीलची आई बाहेर आली आणि म्हणाली, "अनू, ह्याच्या घशातून हवा तेवढी येतेय गं."

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सगळं ठीक आहे म्हणाले. आठवडा गेला, दुसरा गेला. जत्रेची डबलबारी तोंडावर, पत्रिका छापून आलेल्या, आणि स्वप्नील पेटीवर नुसती बोटं फिरवत बसायचा. मी समोर गेले की हसायचा. ते हसणं मला सहन होईना. त्याने एक शब्द सुनावला असता तर बरं वाटलं असतं, पण तो शब्दच मी घालवला होता.

मी विनीतला घरातच पकडलं. "आवाज परत मागायचा."

"ताई, योगायोग आहे."

"मग खेळायला तुझं काय जातंय?"

तो खाली बघत म्हणाला, "आवाजाच्या बदल्यात आवाजच द्यावा लागेल."

"माहितीये. कोणी व्हय म्हणायचं नाही. मी एकटीच म्हणेन."

"तुझी नोकरीच फोनवर बोलायची आहे, ताई."

"कळतंय मला! तू खेळ मांड."

रविवारी चार वाजता बसलो. उन्हाची तिरीप पटावर पडली होती, खाली मसाला कुटणाऱ्या डंकाची धडधड चालू होती. स्वप्नीलने मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरलं: नको. माझं मी बघतो. मी मोबाइल उलटा ठेवला. श्रेयाने ओढणीचा बोळा तोंडात धरला. विनीतने हात तोंडावर दाबला. कोणाच्या तोंडून चुकून जायला नको, म्हणून मी दाराला कडीसुद्धा लावली होती. सगळं बघितलं मी. पडद्याकडे तेवढं बघितलं नाही.

उभी राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

"वेशीवरच्या राखणदारा म्हाराजा! स्वप्नीलचो गेलेलो आवाज परत दी. बदल्यात व्हय म्हणणाऱ्याचो आवाज घे रे म्हाराजा!" आणि मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि फासा टाकला.

तो अजून पटावर घरंगळत होता, तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. देवळाच्या सभामंडपात घुमतो तसा, भरलेला, ठाम.

"व्हय म्हाराजा!"

खालचा डंक बंद झाला. का, कोण जाणे. फासा नकाशाच्या कडेला जाऊन थांबला. विनीतच्या तोंडावरचा हात गळून पडला. भिंतीवरच्या नियमात त्याने 'खेळणाऱ्यांपैकी' असं लिहिलंच नव्हतं. 'म्हणणाऱ्यांपैकी' लिहिलं होतं. पहिले दहा माझे, पुढचे दहा दुसऱ्याचे.

चौदा.

"नाही!" मी ओरडले. "मी आधी म्हटलंय! माझा घे! ते झोपेत बोलले, त्यांना सवय आहे, म्हाताऱ्या माणसाचं काय धरतोस!"

आणि माझाच आवाज माझ्या कानांवर आदळला. खणखणीत. तेव्हा मला कळलं.

मागे स्वप्नील खाकरला. "अनू," तो म्हणाला. अगदी स्वच्छ म्हणाला. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

मी पडदा ओढला. मला वाटलं होतं बाबा आडवे असतील, अर्धवट झोपेत, सवयीने ओ देऊन परत कुशीवर वळलेले. बाबा खाटेच्या काठावर ताठ बसले होते. हात जोडलेले. डोक्यावर गावची पांढरी टोपी. ती टोपी खाटेखालच्या ट्रंकेत, अगदी तळाशी असते. ट्रंक बाहेर ओढलेली होती, कपडे जमिनीवर पडले होते. त्यांच्या गुडघ्यांना तिथवर वाकायला अर्धा तास तरी लागला असणार. म्हणजे आम्ही पट मांडत होतो, तेव्हापासून ते तयारीलाच लागले होते.

"बाबा, काय केलंत हो हे?"

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. हवासुद्धा आली नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, शेजारची जागा थोपटली, आणि माझ्या तोंडाकडे बोट करून हाताने खूण केली. बोल.

मी बसले आणि बोलले. जे तोंडाला येईल ते बोलले. हट्टी म्हटलं, आगाऊ म्हटलं, आई असती तर तुम्हाला घरात घेतलं नसतं म्हटलं. बाहेर विनीत भिंतीवरचं कॅलेंडर टराटरा फाडत होता. मी रडत भांडत राहिले, आणि बाबा माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले, देवळात हलवतात तशी.