दोन्ही बाह्या डाव्याच

मित्रांनो, मी कात्री आहे. कापड बेतणाऱ्यांची, वीतभराहून मोठी आणि हाताला जड लागणारी. आता म्हातारी झाले आहे, पण हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटावी अशी माझ्या आयुष्यातली गोष्ट वेगळीच आहे आणि ती आजवर मी कुणाजवळ बोललेले नाही. एखाद्याची जीभ कात्रीसारखी चालते, असं तुम्ही माणसं म्हणता. मग आज माझीही जरा चालू द्या.

भुवया जळलेल्या एका कारागिराने मला घडवलं. भट्टीतून काढून, ठोकून, साणेवर धार लावून झाल्यावर त्याने माझी दोन पाती एकमेकांवर वाजवली आणि आवाज ऐकून मान हलवली. "हिचं पोलाद जातिवंत आहे. नीट सांभाळली तर जन्मभर अडायची नाही," असं तो भट्टीच्या मालकाला म्हणाला. तेव्हापासून मी थोडी ताठ्यातच वागू लागले. जन्माने चांगली आहे, धारही लागली आहे, आता भारी कापड मिळालं की झालं, असा माझा सरळ हिशेब होता.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याने. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. रस्त्याकडे खिडकी असलेली एकच खोली, अखंड फळीचं लांब टेबल, दोन मशीनं, कोपऱ्यात इस्त्री आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी नमुने, एवढंच त्याचं दुकान होतं. बायको लवकर गेली होती. थोरली मुलगी नऊ वर्षांची आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा, अशी दोन मुलं मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळत वाढत होती. मास्तरांचा एक नियम होता. बेतायच्या कात्रीला एकच हात लागायचा. कात्रीला हाताची सवय होते, चार जणांनी वापरली की ती कुणाचीच राहत नाही, असं ते म्हणायचे, आणि यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

हा नियम पहिल्यांदा मोडला तो असा. एका दुपारी ते गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेले असताना थोरलीने मला उचललं आणि खडूची एक रेघही न ओढता अस्तराच्या तुकड्यातून बाही कापली. बाहेरून आलेले मास्तर आधी रागावले. मग त्यांनी भिंतीवरचा नमुना काढून त्या बाहीवर ठेवला. सुताचाही फरक नव्हता. ते स्टुलावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं खडू घासून जे त्यांना जमलं नव्हतं, ते पोरीला उपजतच आलं होतं.

त्या दिवसापासून मी थोरलीची झाले. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की पोरीच्या हाताला देणगी आहे, देणगीला मेहनतीची जोड दिली की पैसा येतो आणि पैसा आला की सुख काही लांब नसतं. पाढा म्हणावा तसं ते म्हणायचे आणि पाढ्यासारखंच ते त्यांना खरं वाटायचं. मलाही वाटायचं. चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली. सकाळी आठला ती टेबलाशी उभी राहायची ती दिवेलागणीलाच बसायची. तिच्या हातात मी पाण्यातून जावं तशी कापडातून जायचे. एवढं सुख मला पुढे कधी मिळालं नाही, हे मी कबूल करते.

मात्र एक गोष्ट मला दिसत होती आणि मी न बघितल्यासारखं करत होते. कोट तयार होऊन गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की मास्तर बघायचे, धाकटा तोंड उघडं टाकून बघायचा, गिऱ्हाईक तर मागून पुढून वळून वळून बघायचं. थोरली तेवढी कधी बघायची नाही. ती टेबलावरच्या चिंध्या गोळा करत असायची.

धाकट्याचं सगळं उलट होतं. त्याला शिवणकामाचं वेडच होतं. खिडकीत बसून तो रस्त्यावरच्या माणसांचे खांदे बघायचा आणि कुणाचा कोट कुठे ओढतोय ते ताईला सांगायचा. जेवतानाही खिशात बटणं. पण हात म्हणाल तर देवाने द्यायचाच विसरलेला! सरळ रेघ त्याच्या हातून दोन बोटं चालली की डुलकी घ्यायची. वयाच्या अठराव्या वर्षीही मास्तर त्याला काजं करायला आणि बटणं लावायलाच बसवायचे. मी त्याला हसायचे. जातिवंत पोलादाला असलं हसू शोभत नाही, पण हसायचे.

रस्त्याच्या पलीकडे एक बालवाडी होती. थोरली जेवणाचा डबा घेऊन तिच्या पायरीवर जाऊन बसायची. परत यायची तेव्हा तिच्या ओढणीवर चिकट बोटांचे ठसे असायचे, कधी केसांत कागदाचा तुकडा अडकलेला असायचा. त्या अर्ध्या तासानंतर तिचा हात वेगळाच लागायचा, सैल आणि ऊबदार. बालवाडीच्या बाई आता थकल्या होत्या. एक दिवस त्यांनीच तिला विचारलं की पगार अगदी थोडका आहे, पण येशील का?

मग थोरलीने मास्तरांजवळ तो विषय काढला. आयुष्यात एकदाच काढला.

"बाबा, मला हे काम जमतं, पण आवडत नाही. मला तिकडे जाऊ द्या."

मास्तरांना आधी ते कळलंच नाही. जमतं ते आवडत नाही, हे त्यांच्या पाढ्यात कुठेच बसत नव्हतं. देवाने हातावर ठेवलेलं टाकून लोकांच्या पोरांची नाकं पुसणार का, असं त्यांनी विचारलं. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. तेव्हा मास्तर नरमले. माणूस वाईट नव्हता हो, पोरीवर त्यांचा जीव होता. एका कारखानदाराच्या कोटाचं काम नुकतंच आलं होतं. ते म्हणाले, "हा कोट धाकट्याला एकट्याला बेतू दे. त्याने निभावला तर सोमवारपासून तू जा, मी अडवणार नाही."

धाकटा आठ दिवस जुन्या चादरींवर सराव करत होता. त्यालाही बेतायला मिळणार होतं आणि ताईलाही सुटायला मिळणार होतं. दोघांचं भलं एकाच कोटात होतं. नुकसान फक्त माझं होतं.

कोट बेतायच्या दिवशी मास्तर अस्तर आणायला गेले. थोरली बाईंना सोमवारी येते म्हणून सांगायला गेली. धाकट्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मला उचललं. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले. वाकडंतिकडं फार झालं नव्हतं, शिलाईत सांभाळून घेता आलं असतं. मग बाह्या आल्या आणि मित्रांनो, मी अडले. माझी दोन पाती जोडणारा खिळा थोरलीच्या हाताला बसलेला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. ती मला सोडून चालली होती, म्हणून मी अडले. पात्यांत कापड चावून धरलं. हीच ती माझी लाज.

कापड अगदी मोजकं होतं. दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापल्या की डावी-उजवी अशी जोडी आपोआप होते. कापड कमी असलं की एकेक वेगळी कापावी लागते, आणि दुसऱ्या वेळी नमुना उलटा ठेवावा लागतो. हे धाकट्याला पाठ होतं. पण माझ्याशी झगडता झगडता त्याला घाम फुटला, त्याचं सगळं लक्ष माझ्या पात्यांकडे लागलं आणि नमुना उलटायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या.

त्या एकमेकींवर ठेवल्यावर त्याला ते समजलं. तो टेबलाखाली जमिनीवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. इतका मोठा मुलगा रडताना मी पहिल्यांदा पाहिला आणि तेव्हा मला माझं जातिवंत पोलाद नकोसं झालं.

थोरली आली ती हसत आली होती. तिने बाह्या एकमेकींवर ठेवून बघितल्या. मग तिने दार लोटून घेतलं आणि धाकट्याला सांगितलं, "ऊठ. बाबांना काही कळणार नाही. तूच केलंस असं सांगायचं."

तिने बिघडलेली बाही उलगडून पुन्हा बेतली. जिथे कापड कमी पडलं तिथे उरलेल्या तुकड्यांतून काखेत कळी, म्हणजे त्रिकोणी जोडतुकडा, टाकली. कापडाला उभी बारीक रेघ होती. कळीतली रेघ बाहीतल्या रेघेला मिळाली पाहिजे, नाहीतर जोड उघडा पडतो. थोरलीला ठाऊक होतं की हे काम धाकट्याचं वाटायला हवं, थोडं ओबडधोबड व्हायला हवं. तिने तसा प्रयत्न केला, माझ्या मुठीला ते कळत होतं. एकदा तिने मुद्दाम हात बाजूला नेला. पण कापणं वाईट कसं करायचं हे त्या हाताला येतच नव्हतं. तो पुन्हा आपल्या वाटेवर आला आणि रेघेला रेघ जुळली.

मास्तरांनी संध्याकाळी कच्च्या टाक्यांवर जोडलेला कोट तपासला. बाहीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नखाने तो जोड चाचपला.

"ही कळी कुणी टाकली?"

"मी टाकली," धाकटा म्हणाला.

"तू टाकली असतीस तर मला ती दारातूनच दिसली असती," मास्तर म्हणाले. ते रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला होता. असले हात मी दुसरीकडे कसे पाठवू, तूच सांग, असं ते थोरलीला म्हणाले, आणि त्यांना ते खरंच कौतुक वाटत होतं. थोरलीने मला टेबलावर ठेवलं आणि चिंध्या गोळा करायला घेतल्या. सोमवारी बालवाडीत दुसरी कुणीतरी मुलगी आली.

पुढचं सगळं मास्तरांच्या पाढ्याप्रमाणे घडलं. कारखानदाराने तो कोट घालून चार मोठ्या माणसांना दाखवला. गिऱ्हाईक वाढलं, खोलीची दोन मजली पेढी झाली, मास्तरांचं वरती मोठं घर झालं. माझ्या मुठीवर चांदीचा पत्रा चढला. थोरलीचं नाव झालं, तिची वाट बघत लोक महिना महिना थांबायचे. तिला स्थळं आली, पण मास्तरांना ती लांब जायला नको होती आणि तिने हट्ट धरला नाही. हट्ट एकदा वापरून संपला होता. तिचा हात माझ्यावर पुन्हा कधी सैल पडला नाही. कापण्यात मात्र कुणी खोट काढू शकलं नाही.

धाकटा दुकान सोडून गेला. गाद्यांच्या एका कारखान्यात खोळी कापायचं काम त्याला मिळालं. तिथे सगळं चौकोनी, बाह्यांचं नावच नाही. काही वर्षांनी तो ताईला भेटायला आला तेव्हा अंगावर नवा कोट होता. कॉलर मानेपासून बोटभर सुटलेली, एक खांदा वर, एक खाली. मला बघवेना.

"कुठून घेतलास?" थोरलीने विचारलं.

"मीच शिवला, ताई," असं म्हणून तो आरशासमोर उभा राहिला आणि मागून पुढून वळून वळून बघू लागला.

"छान बसलाय," थोरली म्हणाली. ती त्या कोटाकडे अशी बघत होती की कुणाला वाटावं, तो जगातला सर्वांत सुंदर कोट आहे. तो गेल्यावर ती आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. धाकटा सुखी होता का? मला सांगता येणार नाही. त्याचा पगार तुटपुंजा होता आणि मास्तरांनी त्या कोटाला नावं ठेवली तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

आता थोरलीही वाकली आहे. पेढीत कापायचं विजेचं यंत्र आलं आणि मी खणात गेले. खोक्यांवरची चिकटपट्टी कापायला कुणी काढलं तर तेवढीच बाहेर येते. माझी एक कड मोडली आहे, सांध्यात गंज धरला आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. मला वेगळंच काही आठवत राहतं.

मास्तर अगदी शेवटचे दिवस मोजत होते. दिसेनासं झालं होतं. पलंगाशेजारी थोरली त्यांच्या जखमेसाठी पट्टी कापत बसली होती, म्हणून मी तिच्या हातातच होते. त्यांनी चाचपडत तिचा दुसरा हात धरला.

"मी तुला काही कमी पडू दिलं नाही," ते म्हणाले. "सुखी आहेस ना गं?"

मला धरलेली तिची बोटं घट्ट झाली. इतकी घट्ट की माझी पाती मिटली.

"हो, बाबा," ती म्हणाली.

मास्तर समाधानाने झोपले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही, माझं आता फारसं काही उरलेलं नाही. पण तुमच्या घरात कुणाचा हात एखाद्या कामात फार चांगला चालत असेल, तर त्याचं कौतुक करताना त्याच्या तोंडाकडेही बघा. आणि मास्तरांनी विचारलं तेच त्याला विचारा, पण लवकर विचारा. उत्तर नकाराचं आलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. मास्तरांनी विचारलं खरं, पण चाळीस वर्षांनी विचारलं, आणि तेव्हा खरं उत्तर देण्यात काही अर्थ उरला नव्हता.