ड्रॅगनच्या शेपटीची सोंड

डोंबिवलीच्या आमच्या घरात गणपती बसत नाही. तो गावाला बसतो, देवगडकडे, थोरले भाऊजी परशुराम राहतात त्या मूळ घरात. अख्ख्या घराण्याचा मिळून एकच. दुसरा बसवला की घर वेगळं केलं, असं आमच्याकडे सरळ धरतात. वाडीतल्या देवरामने मुंबईला वेगळा गणपती बसवला, तर त्याचा सख्खा भाऊ त्याच्या मुलीच्या लग्नाला आला नाही. म्हणून आम्ही दोघं दरवर्षी चतुर्थीच्या आधी गाव गाठतो. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून, मूर्ती घरी आणताना पाटाची एक बाजू भाऊजी धरतात आणि दुसरी आमचे हे, म्हणजे महिपत.

यंदा ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. झालं! माणसाने मिठाची गुळणीच धरली. चतुर्थी आली तशी उठता-बसता गॅलरीत जाऊन उभे. मी म्हटलं, "अहो, सुपारी मांडते ताम्हणात, तिला फूल वाहा, तोही गणपतीच." नुसती मान हलवली.

मुलगा आणि सून बाळकुमला राहतात. ती दोघं सूनबाईच्या माहेरच्या गणपतीला गेली आणि नात सान्वी आमच्याकडे आली, आजोबांना सोबत म्हणून. सोबत कसली, येताना प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा हा एवढा डबा! हॉलभर पसरलं सगळं. रात्री माझ्या टाचेत एक रुतला, जीव गेला माझा. आणि सकाळी बघते तर चौरंगावर गणपती.

लांबून बघितलं तर खरंच गणपती हो. जवळ गेले आणि काही कळेनासं झालं. कान होते ते बाहुल्यांच्या भातुकलीतले दोन तवे. पोट म्हणजे रॉकेटवाल्या माणसाचं हेल्मेट. मुकुट म्हणून सोनेरी बादली उलटी घातलेली, जानवं म्हणजे सर्कसवाल्याचा चाबूक. सोंड हिच्या लाडक्या ड्रॅगनची शेपटी. आणि पायाशी उंदीर म्हणून जे बसलं होतं, ते कुठल्याशा बाईचे अंबाड्यासकट केस होते!

"अगं, बाईचे केस देवापुढे?"

"केस नाहीत आजी, उंदीर आहे."

"आणि ह्या वाटीत काय?"

"मोदक. आइस्क्रीमचे गोळे आहेत ते, पण आता मोदक." तिला माझीच कीव आली बहुतेक. "आणि हे केळं ना, ते केळंच आहे."

एवढ्या पसाऱ्यात जे होतं तेच असलेली ती एकटी वस्तू. मी कपाळाला हात लावला. म्हटलं असू दे, शोभेला आहे. त्याच्यापुढे सुपारीचं ताम्हण ठेवलं आणि मोदकांची उकड काढायला आत गेले.

घंटा ऐकू आली तेव्हा हात पिठात होते. गावात भटजी सवडीने येतात, त्यामुळे दोघा भावांना पूजा तोंडपाठ आहे. म्हटलं, वाहताहेत सुपारीला फूल. पण मंत्र लांबतच चालले. बाहेर येऊन बघते तर हे सोवळं नेसून खुर्चीत बसलेले, आणि दूर्वांनी त्या हेल्मेटच्या जरा वर, छातीशी स्पर्श करून डोळे मिटलेले. प्राणप्रतिष्ठा! सुपारी बिचारी ताम्हणात तशीच कोरडी.

"अहो! हे काय केलंत?"

डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, "चष्मा नव्हता ना. चुकून झालं."

चष्मा कपाळावर होता.

आता काय म्हणायचं ह्याला? खेळणं म्हणावं तर मंत्र झालेले, देव म्हणावं तर तव्यांचे कान. त्यात माझं लक्ष सोंडेकडे गेलं आणि तोंडचं पाणीच पळालं. सोंड उजवीकडे! उजव्या सोंडेचा गणपती किती कडक, त्याचं सोवळं किती. आमच्या सात पिढ्यांत कोणी आणला नाही.

"फिरते ती आजी, डावीकडे करू?" सान्वीने हात पुढे केला.

"खबरदार!" ह्यांचा आवाज इतका चढलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "प्रतिष्ठा झालीय. आता उत्तरपूजेपर्यंत हलवायचा नाही."

मग काय, दीड दिवस ह्या दीड हाताच्या स्वयंपाकघरात मी सोवळ्यात. ओलेत्याने नैवेद्य शिजवतेय कोणाला, तर चाबकाचं जानवं घातलेल्याला. आरतीला उभी राहिले, तर हात जोडू की हसू तेच समजेना. शेवटी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खरा घोळ पुढेच होता. सान्वीने फोटो घराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा गणपती'. भाच्या-पुतण्यांनी हात जोडले, हृदयं पाठवली. भाऊजींनी फोटो पाहिला आणि काहीच लिहिलं नाही. दरवर्षी आम्ही तिथे असलो तरी डोंबिवलीच्या घरी कुलूप नीट लावलंत का म्हणून दहादा विचारणारा माणूस. ह्यांनी दोनदा फोन केला, उचलला नाही. जाऊबाईंना मी केला, तर म्हणाल्या, "कांता, ते माडीवर जाऊन बसलेत. जेवले नाहीत. वेगळा बसवायचा होता तर तोंडाने सांगायचं, म्हणतात."

मी सांगत होते, अहो ती खेळणी आहेत, चुकून झालं. "मग पूजा का केलीत?" जाऊबाई म्हणाल्या.

हे रात्रभर कुशी बदलत राहिले. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. पन्नास वर्षं एका पाटाला धरलेले दोन भाऊ, आणि तुटणार कशावरून, तर दोन तव्यांवरून!

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजेची तयारी केली. विसर्जनाला बादली भरून शेजारी पाट मांडला. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, भाऊजींचा. ना नमस्कार, ना काही.

"दाखव."

सान्वीने फोन चौरंगाकडे धरला. भाऊजी नाक लावून बघत होते, पडद्यावर नुसतं नाकच दिसत होतं.

"सोंड कसली?"

"ड्रॅगनची शेपटी आहे, मोठे आजोबा."

"आणि कान?"

"तवे."

"तवे?" नाक आणखी जवळ आलं. "उंदीर दिसत नाही तो?"

"हे केस आहेत ना, तोच उंदीर."

"महिपत, मला काय कळत नाही बाबा. हा गणपती आहे की नाही? तुझी वहिनी सांगते चुकून झालं."

हे खुर्चीत पुढे सरकले. गुडघा दुखला असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "दादा, चुकून नाही झालं. चतुर्थीच्या सकाळी हात रिकामे राहवेनात मला. पोरीने एवढा बसवलेला, आणि समोर मी नुसता बसू? घर वेगळं करायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं रे."

मला हुंदकाच आला. हे कधी 'रे' म्हणत नाहीत दादाला.

तिकडे भाऊजींनी फोन नाकापासून लांब धरला. "इकडे पाटाची तुझी बाजू शेजारच्या दामाजीच्या जयेशने धरली. पोरगं ताडमाड उंच. सगळा रस्ताभर गणपती माझ्याकडे कलत होता. आणि घरी येऊन बघतो, तर तू तिकडे दुसरा बसवलेला." मग एकदम आवाज चढवला, "उत्तरपूजा कर आता. मी आहे फोनवर. पण बुडवणार कसा त्याला? तो तर तरंगेल!"

"बुडवायचा नाही," सान्वी म्हणाली, "सोडवायचा. एकेक तुकडा."

मग इकडे हे आणि तिकडे भाऊजी, दोघांनी मिळून मंत्र म्हटले. ह्यांनी मूर्ती जराशी हलवली. सान्वीने मुकुट काढला, पाण्यात बुडवला, तो परत बादली झाला. तवे परत तवे झाले. मी 'मोरया' ओरडत होते आणि डोळे पुसत होते, आणि विसर्जन कशाचं चाललंय ते अजून धड कळत नव्हतं.

"महिपत," भाऊजी म्हणाले, "पाट रिकामा ठेवू नको."

विसर्जनाहून येताना आम्ही नदीची चिमूटभर वाळू पाटावर घेऊन येतो, ती तुळशीत घालतो. इथे वाळू कुठली? भाऊजीच पुढे म्हणाले, "एक तुकडा ठेव त्यातला. पुढच्या वर्षी घेऊन ये, आपल्या गणपतीच्या पाटावर ठेवू. म्हणजे एकच झाला."

हे सान्वीकडे बघायला लागले. मला वाटलं, एखादा साधा ठोकळा देईल, तिच्याकडे डबाभर आहेत. तिने मुठीतली शेपटी दोन-तीनदा उलटसुलट केली. ड्रॅगन तिला वाढदिवसाला मिळालेला, रात्री उशाशी घेऊन झोपते. मग तिने शेपटी पाटावर ठेवली.

"अगं, ड्रॅगनचं काय?" मी म्हटलं.

तिने डब्यातून ड्रॅगन काढला, नैवेद्यातलं प्लॅस्टिकचं केळं उचललं आणि मागे खटकन बसवलं. "आता ही शेपटी."

ड्रॅगन बाळकुमला गेला, केळं हलवत. सोंड आमच्या देव्हाऱ्यात आहे. रोज दिवा लावते आणि एका शेपटीला नमस्कार करते. ह्यांचं चालणं आता सुधारलंय. भाऊजींचा कालच फोन आला होता, पहिला प्रश्न, "सोंड नीट ठेवलीय ना?"