ज्ञानू मास्तरांची धुमाळी

या, अजून पुढं सरका, दारात कशाला बसता? नारदाच्या गादीवर उभं राहायची माझी योग्यता नाही, पण एका मास्तरांचं आख्यान सांगितल्याशिवाय आज कुणाला उठू देणार नाही.

तर १९९८चा मार्च. हातकणंगल्याच्या परीक्षा केंद्राबाहेर, लिंबाखाली, ज्ञानू मास्तर पिशवी मांडीवर घेऊन हरिनाम घेत बसले होते. आत त्यांच्या हुपरीच्या वर्गातली चाळीस पोरं दहावीचा इंग्रजीचा पेपर लिहीत होती. घंटा झाली, पण पोरं बाहेर येण्याऐवजी शिपाईच धावत आला.

"मास्तर, चला. भरारी पथकानं तुमचा अख्खा वर्ग धरलाय."

मास्तर पिशवी काखेत मारून शिपायामागं धावले.

आता मागची गोष्ट ऐका. हुपरीच्या घरोघरी पैंजणांचं काम. हातोडीच्या ठकठकीत वाढलेल्या त्या पोरांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आदल्या वर्षी निम्मा वर्ग आपटला. मास्तर पडले कीर्तनवेडे. त्यांनी वडिलांचे टाळ पिशवीत घातले, थेट वर्गात आणले आणि वाक्प्रचारांचं कीर्तनच लावलं. आधी इंग्रजी, मग आख्यान, शेवटी सगळ्यांनी धृपद. 'क्राय ओव्हर स्पिल्ट मिल्क' आला, की अंबूबाई गवळण डेअरीच्या पायरीवर घसरायची, किटली उपडी व्हायची. बाई तिथंच गळा काढून बसायची आणि इकडं धार काढायची राहिलेली म्हैस ओरडून गोठा डोक्यावर घ्यायची. मग चाळीस गळे एकदम: "सांडलं ते सांडलं, म्हैस हाय का बघ." 'व्हाइट एलिफंट'ला कृष्णात पाटलाचा ट्रॅक्टर होता. रान दीड एकर आणि ट्रॅक्टर घराएवढा. "दारात शोभा, घरात उपास."

पोरांना सगळं पाठ झालं. घोळ एवढाच, की ठेका धरल्याशिवाय त्यांना अर्थ आठवेना. पेपरात वाक्प्रचारांचा प्रश्न आला, तशी चाळीस जणांची बोटं बाकांवर कीर्तनातली धुमाळी वाजवू लागली आणि ओठ पुटपुटू लागले. नेमकं तेव्हाच पथक दारात.

पथकाच्या प्रमुख पूर्णिमाबाई. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी पुढ्यात ओढून ठेवला होता. रद्द करायची एक सही राहिली होती.

"एक ठोका म्हणजे कोणतं उत्तर, मास्तर?"

"उत्तर न्हाय, बाई. तो धुमाळीचा ठेका हाय."

बाईंनी असली सबब उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. मास्तरांनी पिशवी उघडून टाळ दाखवले, वर्गातल्या कीर्तनाची हकीकत सांगितली आणि विनवलं, की कुठलंही एक पोर बोलवा आणि विचारा. मनाली आली. बाईंनी 'क्राय ओव्हर स्पिल्ट मिल्क'चा अर्थ विचारला. हाताची घडी घालून उभी राहिली आणि मुकीच झाली.

"तिला हात मोकळं सोडू द्या, बाई."

मनालीची बोटं टेबलावर पडली मात्र, अंबूबाई घसरली, किटली उपडी झाली, म्हैस ओरडली, अर्थ आला आणि त्यामागोमाग इंग्रजीतलं एक वाक्यही आलं. खिडकीच्या गजांना लागलेल्या एकोणचाळीस तोंडांनी धृपद उचललं. शिपायानं मान डोलावली. पूर्णिमाबाईंचं पेन गठ्ठ्यावर ठेका धरत होतं. त्यांच्या ते ध्यानात आलं, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पेपर सोडते," त्या म्हणाल्या. "पण वर काहीतरी कारवाई दाखवावी लागेल मला. वर्गात पुन्हा टाळ वाजणार नाहीत, असं लिहून द्या. आणि ते टाळ इथं जमा करा."

मास्तरांनी कागद वाचलासुद्धा नाही. सही केली, पिशवीतून टाळ काढले आणि आवाज होऊ नये म्हणून एकावर एक दाबून टेबलावर ठेवले. शिपायानं नोंद केली: पितळी टाळ, एक जोड.

मास्तर बाहेर येऊन पुन्हा लिंबाखाली बसले. पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मनाली जवळ येऊन उभी राहिली.

"सांडलं ते सांडलं, सर," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. हुपरीची एसटी लागली होती. पोरं दारात रेटारेटी करत चढत होती, एकमेकांना उत्तरं विचारत होती. मास्तरांनी बोटानं मोजलं. मनालीला धरून चाळीस.

"चल," ते म्हणाले, "म्हैस हाय."

तर मंडळी, आता उठा. पण कधी तुमच्या दारी दूध सांडलं, तर रडायच्या आधी रिकामी पिशवी काखेत मारून एसटीत चढलेल्या ज्ञानू मास्तरांची तेवढी आठवण काढा.