त्या दिवशी मी कांदे ठेचले

मित्रांनो, मी एक जुनी कांदा-चाळणी आहे. कारेगावच्या एका कारखान्यामागे, भंगाराच्या ढिगाला टेकून उभी आहे. माझ्यात कांदे ओतले की लहान, मध्यम आणि मोठे असे वेगवेगळे होऊन ते बाहेर पडत.

आमचा कारखाना पंपांचे सुटे भाग बनवायचा. २००२ साली मागणी घटली, तेव्हा फलकावर लिहिले गेले, 'नवी वस्तू सुचवा, कंपनी तुमच्या पाठीशी आहे.' मायाताईंनी ते खरे मानले. त्या खुटबावच्या, मजुरी करणाऱ्या आईची लेक. इथे इंजिनिअर होत्या. सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी टाकाऊ पत्रा आणि जुन्या मोटरीतून मला घडवले. कांद्याला मार लागू नये म्हणून आतून रबर लावले. मी पहिल्यांदा फिरले तेव्हा त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

मालक मला पाहून खूश झाले. "कल्पना कोणाची?"

मॅनेजर विक्रमसाहेब चटकन पुढे झाले. "माझी, सर. मॅडमनी थोडी मदत केली."

पुढच्याच आठवड्यात मायाताईंची बदली स्टोअरमध्ये झाली आणि माझ्या अंगावर साहेबांचे नाव रंगवले गेले. मित्रांनो, ते मला डागणीसारखे भाजले. तेव्हापासून मी सूड घेण्याची वाट पाहू लागले.

शेतकऱ्यांना मला दाखवायचा दिवस ठरला. मांडव उभारला गेला. वडगाव रासाईचे हौशीराम आप्पा टेम्पोभर कांदे घेऊन आले. मी चकचकीत दिसावी म्हणून साहेबांनी आतले रबर काढून टाकले होते. ते कशासाठी आहे, हे त्यांनी कोणाला विचारलेसुद्धा नाही. बटण दाबले गेले. मी जीव खाऊन फिरले. एकेक कांदा पत्र्यावर आपटला. बाहेर आला तो लगदा!

"आरं, ही चाळण हाय का उखळ?" आप्पा ओरडले. मांडवात हशा पिकला. मालकांची मान खाली गेली.

साहेबांनी धावत जाऊन मायाताईंना आणले. "मॅडम, जरा बघा ना!"

मायाताईंनी आत डोकावले. एरवी कारखान्यात पुस्तकी बोलणाऱ्या त्या, आज गावाकडचे बोलल्या. "कल्पना तुमची हाय न्हवं, साहेब? मग दुरुस्तबी तुम्हीच करा."

त्यांनी त्याच दिवशी नोकरी सोडली. साहेबांनी मात्र मला ओढत इथे आणून टाकायला लावले.

पुढे ट्रकवाल्यांच्या बोलण्यातून कळले, की खुटबावला मायाताईंची शेड उभी राहिली, आणि पहिली चाळणी आप्पांनीच नेली. एकदा खुद्द मालक तिथे गेले. "परत या, नवा विभाग तुमच्या हाती देतो."

"चाळण्या पाहिजेत तर देईन," मायाताई म्हणाल्या. "पण आधी शेतकऱ्यांचा नंबर हाय. तुम्ही मागनं या."

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, ज्याच्या डोक्यातून ते निघाले, त्या माणसाला आधी जपा. मला गंज चढला, मायाताई मला पुन्हा दिसल्या नाहीत. तरी मला पश्चात्ताप नाही. विक्रमसाहेब रोज इथून मान फिरवून जातात. मी त्यांना दिसेन अशीच उभी आहे.