शून्यावरचा काटा

…आणि काटा हलला. नखानं काचेवर नुसती टिचकी मारली होती तिनं, तीही सवयीनं, काही कारण नसताना. छातीवरच्या कातडी पट्ट्यात अडकवलेल्या त्या पितळी प्रेशर गेजमधला, वाफेचा दाब दाखवणारा काटा शून्यावरून केसभर उठला, थरथरला आणि परत आपल्या खुंटीला टेकला. शांभवीनं पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. आता हे होता कामा नये, होऊच शकत नाही, कारण हा काटा तिनं स्वतः, श्वास रोखून, सुईच्या टोकानं डिंकाचा थेंब सोडून शून्यावर चिकटवला होता. चिकटवलेला काटा हलत नाही. हलतो तो खरा.

म्हणजे माझ्या छातीवर खरा आहे… म्हणजे तिकडे बॉयलरवर…

विचार तिथंच थांबला. पुढं जायला तयारच होईना. समोर शाहूपुरीतला तो भाड्याचा हॉल आपल्याच आनंदात दंग होता. रविवारची दुपार, पंखे गरगरतायत, आणि त्यांच्याखाली लांब कोट, उंच टोप्या, कपाळावर चढवलेले वेल्डिंगचे गॉगल, पुठ्ठ्याची दातेरी चाकं लावलेल्या काठ्या — घामानं निथळत, एकमेकांचे फोटो काढत फिरणारी चाळीसपन्नास माणसं. लग्नाला म्हणून कुणी आत डोकावलं असतं तर आल्या पावली पळालं असतं. भिंतीवर कापडी फलक: स्टीमपंक मेळावा. ज्या जगात वीज आलीच नाही, सगळं वाफेवरच चालत राहिलं, विमानंसुद्धा, घड्याळंसुद्धा, त्या जगाच्या गोष्टी लिहिणारे, त्याचे खेळ खेळणारे, त्याचे कपडे घालून मिरवणारे हे लोक. आणि त्यांच्यातली एक ती. गडहिंग्लजकडून, नेसरीहून, पहाटेच्या एसटीनं पत्र्याची पेटी घेऊन आलेली. घरी सांगितलं होतं मैत्रिणीचा साखरपुडा आहे.

साखरपुडा! अप्पांनी एवढंच विचारलं होतं, "कुणाची पोरगी?" आणि तिनं तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं होतं. खरं सांगायची सोयच नव्हती. मागच्या वर्षी घरच्या काजू कारखान्यातली जुनी तांब्याची नळी तिनं टोपीला लावायला कापली, तेव्हा अप्पांनी कामावरच्या सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, "ह्यापुढं माज्या मशिनीच्या एका नटाला जरी हात लावलास, तर ही सोंगं घिऊन घराभाईर हो." चन्नवीरअप्पांचा शब्द म्हणजे शब्द. तो परत घेताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, आईनं, अव्वानंसुद्धा नाही.

आणि तरी तिनं हात लावला. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, आत काजू फोडणाऱ्या दहाबारा बायका, आणि मागच्या बाजूला काजू उकडायचा छोटा, कमरेएवढा बॉयलर, काजूच्याच टरफलांवर धगधगणारा. त्या बॉयलरच्या डोक्यावरचं हे गेज. लहानपणापासून बघत आलेली. जगात तिला पहिली कुठली वस्तू सुंदर वाटली असेल तर ती हीच. मेळाव्यासाठी तिनं जी बाई रचली होती — वाफ संपलेल्या करवीर राज्याची शेवटची यंत्रकार, जिच्या छातीवरचा काटा कायमचा शून्यावर आलाय — तिला हेच गेज हवं होतं, दुसरं कुठलंच नाही. मग परवा-काल सणामुळं कारखाना बंद असताना दोन दिवस ते काढून आणलं, रबरी साचा घेतला, त्यात रेझिन, घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतलं, वजन हाताला खरं लागावं म्हणून आत छर्रे भरले, भंगारातून आणलेली पितळी आट्यांची नळी खाली बसवली… नक्कल अशी उतरली की तिची तिलाच भूल पडावी.

भूल पडलीच की! साचा नीट निघावा म्हणून खरं गेज तिनं चिंच आणि मीठ लावून घासलं, देव्हाऱ्यातल्या समईसारखं लखलखीत केलं. आणि नक्कल जुनी दिसावी म्हणून तिच्यावर काळा रंग, कोळशाची पूड, चहाचं पाणी. या नादात पडलेल्या माणसाची अर्धी हयात नव्याला जुनं करण्यातच जाते. महिनोन्‌महिने डोळ्याला एकच शिकवलं होतं तिनं, की मळलेलं ते खरं. काल दिवेलागणीला खरं गेज परत बसवायला गेली तर शेडमध्ये वीज नव्हती, बाहेर धाकट्या भावाची, सोमेशची गाडी वाजल्याचा भास झाला, पिशवीत दोन्ही गेजं… आणि हातानं मळकं उचललं. पान्यानं आवळलं. पळाली. सकाळी इथं कपडे चढवताना पट्ट्यातलं गेज चकाकताना दिसलं तर काय म्हणाली ती? मेला रंग पिशवीत घासून गेला म्हणाली. आणि वरून बूटपॉलिश चोपडलं.

पण आज रविवार. रविवारी कारखाना बंद! अंगातून एकदम गार वारं गेल्यासारखं झालं. तिनं खुर्चीची पाठ धरली, मोठ्यानं हसावंसं वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं जायचं, अंधार पडायच्या आत बदलून टाकायचं, कुणाला पत्ता नाही…

…नेसरीच्या स्टँडवर अंबूबाई भेटली होती. आज पहाटे. डोक्याला पदर, हातात भाकरीचा डबा.

"कुठं चाललाय म्हणायचं ताई, एवढी पेटी घिऊन? पळून बिळून चाललाय का काय?"

"साखरपुड्याला. तुम्ही कुठं इतक्या लवकर?"

"कुठं म्हंजे? कामाला की. माल तटलाय म्हणं, आजच्या आज द्यायचा हाय, सोमेशदादानं बोलावलंया."

ऐकलं होतं तिनं. कानांनी ऐकलं होतं, "बरं" म्हणाली होती, आणि एसटीची खिडकीकडची जागा पकडायला धावली होती.

अंबूबाई आधी काजू फोडायलाच होती. काजूच्या चिकानं तिचे हात सोलवटून निघायचे, भाकरी मोडता यायची नाही. शांभवीनंच अप्पांच्या मागं लागून तिला बॉयलरवर घ्यायला लावलं. तिला बॉयलरची भीती वाटायची, आतली घरघर ऐकली की दोन पावलं मागं सरायची. मग शांभवीनं गेजच्या काचेवर लाल रंगानं रेघ ओढून दिली. "अंबूबाई, काटा ह्या रेघेच्या खाली हाय तोवर काय बी होत न्हाय. रेघेला टेकला की जाळ भाईर ओढायचा आणि ही वाफेची चावी सोडायची. बाकी कशाकडं बघू नका." आणि अंबूबाई बाकी कशाकडं बघत नसे. नजर अधू, म्हणून अगदी जवळ जाऊन, गेजला नाक लागेल इतकं वाकून बघायची.

नकलेवरही तिनं ती लाल रेघ हुबेहूब काढली होती. काटा मात्र शून्यावर चिकटलेला. बॉयलर कितीही तापला तरी शून्यावर. आणि शून्यावर काटा म्हणजे वाफच धरली नाही, म्हणजे आणखी टरफलं घाला, आणखी जाळ करा… हे सगळं तिला आता ओळीनं दिसायला लागलं, नको असताना दिसायला लागलं.

ती हॉलबाहेर जिन्यात आली. सोमेशला फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला. शेडमध्ये मोबाईलला धड रेंज नसते, आणि असली तरी आवाजात ऐकू येत नाही. अंबूबाईचा फोन पिशवीत, पिशवी खुंटीला. मग तिनं घरी लावला. कारखान्यापासून घर हाकेच्या अंतरावर.

"ऊट आतेनव्वा? जेवलीस का?" अव्वा फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते, एकदा कानडीत, एकदा मराठीत.

"अव्वा… बॉयलर चालू हाय का आज?"

"हाय की. पन काय झालंया कुणास ठाऊक, सकाळधरनं वाफच धरंना म्हणं. सोमेश आत्ताच जेवून गेला. अंबूबाईला जाळ वाढवायला सांगितलंय म्हणाला. का गं?"

मागून अप्पांचा आवाज आला. ताटावर बसलेले असावेत. "शांभवी हाय काय? इचार तिला, बॉयलरचं तिला का पडलंय साखरपुड्यात?"

बोल. आता बोल. एक वाक्य: अव्वा, पळत जा, जाळ ओढायला सांग. तोंड उघडलं होतं तिनं, शब्द जिभेवर होते, आणि त्यांच्याबरोबर अप्पांची पाटावरून उठणारी आकृती, पेटी, दार, बायकांच्या वळलेल्या माना…

"काही नाही गं," ती म्हणाली. "सहजच."

आणि फोन ठेवला. होय, ठेवला! जिन्याच्या कठड्याला टेकून ती त्या फोनकडे बघत राहिली. हे कुणी केलं? हे मी केलं का? सोमेश आहे ना तिथं, तिनं स्वतःला सांगितलं. सोमेश काही डोळे मिटून बसणार नाही. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. वाफ जास्त झाली की तो आपोआप उडतो, त्यासाठीच तर असतो. पण तो उडालेला तिनं कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. चांगला होता म्हणून उडाला नाही, की जाम झालाय म्हणून, हे कुणी तपासलं होतं? आणि रेझिन… रेझिन ऊन पाण्यातसुद्धा मऊ पडतं, तिनंच किती तुकडे गरम पाण्यात बुडवून वाकवले होते. आतून वाफेचा रेटा, वर मऊ पडत चाललेली ती खोटी चकती, आणि तिच्यापुढं, नाक लागेल इतकं वाकून, काटा का हलेना म्हणून बघणारी…

"अगं, इथं आहेस होय!" मेळावा भरवणारा ऋतुराज जिन्यात आला, डोक्यावरची उंच टोपी सांभाळत. "स्टेजवर पुढचा नंबर तुझा. पुण्याचे ते गेम बनवणाऱ्या कंपनीचे लोक तुझ्यावर जाम खूश आहेत. ते काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बाकी सगळ्यांनी काटे लाल रेघेवर नेऊन ठेवलेत, नुसता धूर आणि धमाका. हिनं एकटीनं शून्यावर ठेवला. शून्यावर! म्हणे या मुलीला वाफ कळलीये."

त्याचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला होता. महिनोन्‌महिने शांभवी याच वाक्याची वाट बघत होती. रात्री झोप लागत नसे तेव्हा हेच वाक्य कुणीतरी म्हणेल, आणि आपण मान खाली घालून हसू, असं मनात घोळवत असे. आता ते वाक्य आलं, आणि नुसतं तिच्या अंगावरून निघून गेलं. आपण काढलेली ती असंख्य चित्रं आठवली, रंकाळ्यावर उतरणारी पितळी पोटाची विमानं, धुरांड्यांची शहरं, सोन्यासारखी वाफ. एका तरी चित्रात वाफेनं कुणाला भाजलं होतं का? नाही. तिच्या जगात वाफ गारच होती.

"आलेच," ती म्हणाली. "दोन मिनिटं."

तो गेला. तिनं पुन्हा सोमेशचा नंबर लावला. वाजला… वाजला… आणि उचलला! मागून शेडचा गलका, बायकांचं बोलणं, पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि या सगळ्याखालून एक जाड घरघर, तिच्या ओळखीची, पण इतकी जाड तिनं कधी ऐकली नव्हती.

"हां, बोल अक्का. लवकर बोल, हितं वैताग आलाय नुसता."

"सोमेश, अप्पांना सांगू नको."

"काय?"

"अप्पांना सांगू नको आधी… शपथ घे."

"काय सांगू नको? अगं मोठ्यानं बोल की, काय ऐकू यीना!"

"गेज खोटं आहे!" ती जिन्यात ओरडली. "वरचं गेज खोटं आहे, काटा चिकटवलेला आहे, जाळ ओढ! अंबूबाईंना बाजूला काढ, सोमेश, अंबूबाईंना तिथनं बाजूला काढ!"

पलीकडून सोमेशच्या तोंडून एक शिवी, आणि पायांचा आवाज. फोन त्यानं बंद केला नव्हता, तसाच हातात धरून तो पळत होता, आणि त्याचा हात हलेल तसा तो गलका जवळ येत होता, लांब जात होता. "ओ अंबूबाई! ओ सरका मागं!" असं काहीतरी. मग नुसती खरखर. फोन खिशात गेला, पडला, की रेंज गेली? घरघर ऐकू येत होती का अजून? तिला वाटलं येतेय, मग वाटलं तो आपल्याच कानातला आवाज आहे.

आत माईकवर तिचं नाव घेतलं गेलं. टाळ्या झाल्या. परत नाव घेतलं गेलं.

शांभवी पायरीवर बसली. फोन इतका घट्ट दाबून धरला होता की कान दुखायला लागला. खरखर चालूच होती. अप्पा आता तिला घरात घेतील की नाही, हा प्रश्न तिनं मनात आणून बघितला, तर त्याला काही वजनच उरलं नव्हतं. इतक्या हलक्या गोष्टीसाठी तिनं अव्वाचा फोन ठेवला होता. आणि एवढ्यावरच भागलं नव्हतं. दुसऱ्यांदा संधी मिळाली, भावानं फोन उचलला, कानात ती घरघर ऐकली, आणि तरी तोंडातून पहिलं काय बाहेर पडलं? अप्पांना सांगू नको. अंबूबाईचं नाव त्याच्यानंतर. शपथेच्याही नंतर. हे सोमेशच्या लक्षात राहील, न राहील. अंबूबाईला तर कधी कळणारही नाही. पण मला कळलंय. ते शब्द उच्चारायला जितका वेळ लागला, तितका वेळ ती बाई तिथं वाकून उभी होती.

"अंबूबाईंना बाजूला काढ," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडे कुणी नव्हतं. "सोमेश, अंबूबाईंना बाजूला काढ." ती ते म्हणतच राहिली, हळू आवाजात, आधी दुसरं काहीच न बोलता, प्रत्येक वेळी अगदी पहिल्यापासून.